ऐकणाऱ्यांचा शीण

दिल्लीतल्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात मी एकतीस वर्षं नोकरी केली. माहेरी, नगरला, हे कुणाला सांगितलं की माणसं आधी गप्प व्हायची आणि मग हळूच विचारायची, "तुला भीती नाही का गं वाटत?" पेशंट अंगावर धावून येतात अशी लोकांची समजूत असते. एकतीस वर्षांत माझ्या अंगावर धावून आलेला एकच माणूस मला आठवतो. तो पेशंट नव्हता, रांग मोडली म्हणून मी हटकलेला एक नातेवाईक होता. या कामातला खरा धोका निराळा आहे. तो हळूहळू येतो, आणि आला हे ज्याचं त्याला सगळ्यात शेवटी कळतं. मला तरी तसंच कळलं.

मी डॉक्टर नव्हे. माझ्या हुद्द्याचं नाव होतं सायकियाट्रिक सोशल वर्कर. डॉक्टर गोळी लिहून देतात. ती गोळी घरी कोण देणार, पेशंटनं ती थुंकून टाकली तर काय करायचं, शेजाऱ्यांना काय सांगायचं, लग्नाचं काय, नोकरीचं काय, हे सगळं आमच्या टेबलावर येतं. बाह्यरुग्ण विभागाच्या दिवशी, म्हणजे सोमवारी आणि गुरुवारी, माझ्या खोलीबाहेर सकाळी नऊपासून रांग असायची. प्रत्येकाच्या वाट्याला सहा-सात मिनिटं यायची. तेवढ्यात माणसानं आपलं घर माझ्यासमोर उलगडायचं आणि मी ते वाचायचं.

सुरुवातीची कितीतरी वर्षं मला हे काम फार आवडलं. माझा स्वभावच तसा. दिलेलं काम पूर्ण करायचं, फाईल कोरी सोडायची नाही, उद्यावर टाकायचं नाही. यजमान एका मंत्रालयात होते आणि आम्ही आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. संध्याकाळी घरी आले तरी मी पोळ्या लाटताना दिवसभरातल्या केसेस मनात घोळवत असायची. यजमान म्हणायचे, "विजया, तव्यावर लक्ष दे, रुग्णालय तिथंच आहे, कुठं जात नाही."

मग कधीतरी ते घोळवणं थांबलं. मला वाटलं, चला, आपण तयार झालो. आता माणसं रडली तरी माझं काम अडत नव्हतं. मी टिश्यूचा डबा पुढं सरकवायची आणि त्याच वेळी पुढची फाईल उघडायची. रविवारी चर्चमध्ये स्तोत्र म्हणताना ओठ हलायचे, पण आत काही हलायचं नाही. घरी बोलणं कमी झालं. एकदा मी सहज म्हणाले, "फार शीण आलाय." दिल्लीत वाढलेल्या आमच्या चिरंजीवांनी विचारलं, "आई, शीण मतलब? थकान?" मी म्हटलं, "थकवा झोपलं की जातो. शीण झोपून उठल्यावरही असतो." तो म्हणाला, "अच्छा, बर्नआउट!" आणि क्रिकेट बघायला गेला. मला मात्र तो इंग्रजी शब्द पटला. दूध खालून करपतं तेव्हा वरून ते पांढरंशुभ्रच दिसत असतं.

हे करपणं ज्या दिवशी मला दिसलं, तो एक गुरुवार होता.

कमलेश नावाची एक बाई मुनिरकाहून यायची. तिथं एका चाळवजा इमारतीत तिसऱ्या मजल्यावर तिची भाड्याची खोली होती. आसपास राहणाऱ्या विद्यार्थ्यांना ती डबे करून द्यायची. नवरा वारलेला. तिची बावीस वर्षांची मुलगी पूनम आमची पेशंट होती. पूनमला स्किझोफ्रेनिया होता. तिला कानात आवाज ऐकू यायचे, आणि औषध चुकलं की ती दिवसदिवस भिंतीकडे तोंड करून बसायची. चार वर्षं कमलेश दर पंधरवड्याला न चुकता येत होती. आमच्या भाषेत अशा घरच्यांना आम्ही 'चांगले अटेंडंट' म्हणतो, आणि त्यांच्याकडं सगळ्यात कमी बघतो.

त्या दिवशी पूनमला बाहेर बाकावर बसवून ती एकटीच आत आली.

"मॅडमजी, एक कागज़ पे लिख दो, पूनम को कौनसी गोली कब देनी है. मोटे अक्षरों में लिखना. मेरी बहन की नज़र कमज़ोर है."

"बहीण देणार का औषध?" मी हिंदीत विचारलं. माझी मान कागदातच होती.

"हां जी. अब वही देखेगी. मैं भी अब आराम करूँगी."

"अच्छी बात है," मी म्हणाले. "आराम भी ज़रूरी है."

मी मोठ्या, सुबक अक्षरात गोळ्यांची नावं आणि वेळा लिहिल्या. खाली रेघ मारली. शिक्का उमटवला. ती उठली, दाराशी थांबली, हात जोडले आणि म्हणाली, "आपने बहुत किया हमारे लिए." मी "नेक्स्ट" म्हणून ओरडले.

पुढं पाच-सहा पेशंट झाले असतील. इंजेक्शनच्या खोलीतल्या सिस्टर लीलाम्मा माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या. लीलाम्मा कोट्टायमच्या. अंगानं भरलेल्या, कायम हसऱ्या. वीस वर्षं दिल्लीत काढूनही त्यांच्या हिंदीत पुल्लिंग-स्त्रीलिंगाची रोज नव्यानं वाटणी व्हायची. सगळा वॉर्ड त्यांच्या विनोदांवर चालायचा. त्या दिवशी त्या हसत नव्हत्या. हातात एक तपकिरी शाल होती.

"साळवे मॅडम, वो कमलेश अपना शॉल मेरे को दे के गया. बोला, आपको सर्दी लगती है. मॅडम, उसका पास एक ही शॉल है. वो क्यों दिया?"

मी पेन खाली ठेवलं. बहिणीकडं सोपवलेलं औषध. आता मीही आराम करीन. आपण आमच्यासाठी खूप केलंत. शाल. समोर मांडून ठेवल्यासारखं सगळं होतं. हेच ओळखायला मी नव्या मुलींना शिकवत असे: माणूस आवराआवर करायला लागला, निरोप घ्यायला लागला, जपलेल्या वस्तू वाटायला लागला की हातातलं काम टाका आणि विचारा. कमलेश माझ्यासमोरच्या खुर्चीत बसून हे सगळं मला सांगून गेली होती, आणि मी त्याला शिक्का मारून दिला होता.

आम्ही दोघी तशाच निघालो. फाटकापाशी कमलेश नव्हती, बसस्टॉपवर नव्हती. रिक्षा केली. मुनिरकाच्या गल्ल्यांत रिक्षा शिरेना, तेव्हा उतरून पळत गेलो. लीलाम्मांना दम लागत होता, पण त्या थांबल्या नाहीत. खाली एका विद्यार्थ्याला विचारलं तर तो म्हणाला, "आंटी तो कल से छुट्टी पे जा रही हैं, सबको बोल दिया है." तिसऱ्या मजल्यावरचं दार आतून बंद होतं.

मी दार वाजवलं. "कमलेश, मी साळवे मॅडम. दार उघड."

मी पुन्हा वाजवलं. मग कडी वाजली. खोली स्वच्छ होती. विद्यार्थ्यांचे डबे घासून, पुसून भिंतीशी उतरंडीसारखे लावलेले. पूनमला तिनं वाटेतच बहिणीकडं सोडलं होतं. कमलेश आमच्याकडं बघत नुसती उभी राहिली.

आमच्या कामात एक गोष्ट बाहेरच्यांना विचित्र वाटते. आम्ही सरळ विचारतो. विचारल्यानं ती कल्पना कुणाच्या डोक्यात शिरत नाही. ती आधीच असली तर विचारल्यानं तिला बाहेर यायला वाट मिळते. मी तिचे दोन्ही हात धरले आणि विचारलं, "कमलेश, मरने का सोच रही हो?"

ती खाली बसली. "थक गई हूँ, मॅडमजी," ती म्हणाली. "मैंने तो आपको बताया था."

खोलीत तिनं जी तयारी केली होती ती लीलाम्मांनी उचलून पिशवीत घातली आणि आम्ही तिला घेऊन परत आलो. तिला त्याच दिवशी भरती केलं. तीन आठवड्यांनी ती उठून केस विंचरायला लागली, वॉर्डातल्या जेवणात मीठ कमी असतं म्हणून भांडायला लागली, तेव्हा आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. नंतर पूनमला दिवसा ठेवायला एक केंद्र मिळालं आणि कमलेशचे डबे पुन्हा सुरू झाले. तिचं बरं झालं. पण 'मैंने तो आपको बताया था' हे वाक्य माझ्या नावावर कायमचं जमा झालं.

मी विभागप्रमुखांकडं गेले आणि सगळं सांगितलं. वाटलं होतं, रागावतील. त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले आणि म्हणाले, "मिसेस साळवे, पिछले महीने मुझसे भी हुआ." एवढंच. मग म्हणाले, नेहा स्टाफसाठी काहीतरी सुरू करतेय, तुम्ही जा.

नेहा सभरवाल आमच्याकडं नव्यानं आलेली मानसशास्त्रज्ञ. सत्तावीस-अठ्ठावीसची, लाजपतनगरची पंजाबी मुलगी. आठ आठवडे, दर बुधवारी दुपारी, जुन्या रेकॉर्डच्या खोलीत चटया टाकून तिनं आमचा वर्ग घेतला. माइंडफुलनेस हा शब्द तेव्हा आमच्याकडं नवा होता. ती त्याला 'सजग राहणं' म्हणायची: श्वास येतोय, जातोय, तेवढं बघायचं. मन भटकलं की रागवायचं नाही, परत आणायचं.

पहिल्या दिवशी तिनं स्वभावाची प्रश्नावली भरायला दिली. 'मी हाती घेतलेलं काम पूर्ण करतो.' 'लहानसहान गोष्टींनी मी अस्वस्थ होतो.' 'लोकांमध्ये मला उत्साह वाटतो.' जन्मभर मी हे कागद दुसऱ्यांकडून भरून घेतले होते. स्वतःचा भरताना मी दोन ठिकाणी छपाईच्या चुका दुरुस्त केल्या.

माझी अडचण होती ती डोळे मिटण्याची. मला डोळे मिटून प्रार्थना करायची सवय. प्रार्थनेत माणूस कुणाशी तरी बोलतो, काहीतरी मागतो. इथं काहीच मागायचं नव्हतं. मला जमेना. आणि जमत नाही म्हटल्यावर मी माझ्या स्वभावाप्रमाणं कंबर कसली. एक वही केली. रोज पहाटे उठून चाळीस मिनिटं बसायचं, किती वेळा मन भटकलं ते लिहायचं, खाली शेरा द्यायचा. एका सकाळी माझ्या ध्यानात कुकरची शिट्टी झाली आणि मी आतून किंचाळले, "बंद करा तो कुकर! मी शांत बसलेय, दिसत नाही?" यजमान स्वयंपाकघरातून म्हणाले, "दिसलं नाही, पण ऐकू आलं."

पाचव्या आठवड्यात मी ती वही नेहाला दाखवली. तिनं पानं उलटली, उलटली आणि वही मिटून माझ्या मांडीवर ठेवली.

"मॅम, ये तो आपने केस-रजिस्टर बना दिया."

"मग कसं करायचं? तूच म्हणालीस ना, नियमित करा."

"मॅम, बुरा मत मानिए. जो लोग हर काम परफेक्ट करते हैं ना, वो आराम भी ड्यूटी समझके करते हैं. आपके लिए बैठना ठीक नहीं है, अभी तो बिल्कुल नहीं. ये नोटबुक बंद."

मला राग आला. एवढीशी मुलगी. पण मी विचारलं, "मग मी काय करू?"

तिनं मला विचारलं की पेशंटला आत कसं बोलावता. मी म्हटलं, ओरडून. ती म्हणाली, "कल से उठके जाइए. दरवाज़े तक. बस उतना चलना है, पैरों पे ध्यान रखके. फिर नाम लीजिए और चेहरा देखिए."

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. मी खुर्चीवरून उठले. माझ्या खुर्चीपासून दारापर्यंत अकरा पावलं होती. इतकी वर्षं मला ते माहीत नव्हतं. मोझॅकची फरशी चपलेतूनही गार लागत होती. पहिल्या दिवशी रांग कुरकुरली, माझ्या टेबलाशी बसणारा कारकून म्हणाला, "मॅडम, ऐसे तो शाम हो जाएगी." संध्याकाळ झाली नाही, अर्धा तास उशीर झाला. दुसऱ्या आठवड्यात तोही होईना, कारण दारात उभी राहून बघितलं की अर्धी फाईल तिथंच वाचून व्हायची. एका मुलाचे वडील दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून आले होते. विचारलं तेव्हा कळलं, मुलगा पहाटे घर सोडून निघाला होता आणि ते तसेच मागं धावले होते. आधीच्या माझ्या पद्धतीत त्यांना मी औषध वेळेवर देण्याबद्दल समज दिली असती.

दिवसातून चाळीसएक वेळा अकरा पावलं. माझं ध्यान एवढंच. काही महिन्यांनी एका पोरीची हकीकत ऐकताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा मला हायसं वाटलं.

हे एवढं लिहून थांबले असते तर गोष्ट गोड झाली असती. पण लीलाम्मांचं सांगायचं राहिलंय.

लीलाम्मा वर्गात सगळ्यांना हसवायच्या. नेहानं "आता शरीराकडं लक्ष द्या" म्हटलं की त्या म्हणायच्या, "मेरा शरीर बहुत बड़ा है, एक घंटा लगेगा." तिसऱ्या बुधवारी नेहानं सगळ्यांना वीस मिनिटं निःशब्द बसवलं. दहाव्या मिनिटाला लीलाम्मा उठल्या आणि बाहेर गेल्या. मी मागं गेले. त्या चादरींच्या खोलीत, धुतलेल्या चादरींच्या गठ्ठ्यावर तोंड दाबून रडत होत्या.

"आँख बंद करती हूँ तो सब आ जाता है, मॅडम," त्या म्हणाल्या. "इतने साल में जो जो गया. सब का मुँह."

आमच्या वॉर्डात जे पेशंट आम्ही वाचवू शकलो नाही, त्यांना शेवटचं स्वच्छ करून, कपडे घालून नातेवाइकांच्या हाती द्यायचं काम सिस्टरांचं. लीलाम्मांनी ते कितीदा केलं होतं, कुणी मोजलं नव्हतं. त्यांच्या हसण्याकडं बघून ही बाई दगडाची आहे असं आम्ही सोयीस्करपणे धरून चाललो होतो. ज्या बाईनं एका शालीवरून एका जिवाची तगमग ओळखली, तिची तगमग आमच्या विभागातल्या कुणाही तज्ज्ञाला दिसली नाही. मलाही नाही.

नेहा त्या दिवशी पांढरीफटक पडली. "मेरी गलती है," ती म्हणाली. "सबको एक जैसा नहीं बिठाना चाहिए था." तिनं लीलाम्मांना पुन्हा डोळे मिटायला लावलं नाही. बाहेरच्या एका डॉक्टरांकडं त्यांना पाठवलं, आणि त्यांना थोडं बरंही वाटलं. पण त्यांना खरी गरज होती ती सुटीची आणि वॉर्डात आणखी एका सिस्टरची. तसं पत्र मी स्वतः लिहिलं, विभागप्रमुखांनी सही केली. दोन महिन्यांनी उत्तर आलं: नवीन पद मंजूर होणं शक्य नाही, तथापि कर्मचाऱ्यांचा ताण कमी करण्यासाठी विभागात ध्यानवर्ग सुरू आहेत, त्यांचा लाभ घ्यावा.

नेहानं ते पत्र दोनदा वाचलं. "मॅम, मेरे ही क्लास का नाम लेके मना कर दिया," ती म्हणाली, आणि त्यानंतर तिनं तो वर्ग पुन्हा घेतला नाही. लीलाम्मांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. निरोपाच्या दिवशी त्यांनी सगळ्यांना हसवलं. पाच वर्षांनी फोनवर बोलताना त्या म्हणाल्या, "अब थोड़ा नींद आता है." मी अजून स्वतःला विचारते, ते पत्र तीन वर्षं आधी लिहिलं असतं तर?

मी निवृत्त झाले. गेल्या वर्षी नेहाचा फोन आला. ती आता गुरुग्रामला फोनवरून समुपदेशन करणाऱ्या एका संस्थेत वरिष्ठ आहे. "मॅम, मेरी टीम बहुत यंग है. एक दोपहर आके बात कीजिए ना."

काचेच्या इमारतीत चौदाव्या मजल्यावर गेले. पंधरा-सोळा मुलंमुली, गळ्यात ओळखपत्रं, दिवसभर कानाला हेडफोन लावून परक्यांची दुःखं ऐकणारी. त्यांना मी समोरच्या माणसाचं दुःख दिसेनासं होणं कसं असतं ते सांगितलं, स्वतःची चूक सांगितली. मग म्हटलं, "दहा मिनिटं बसू या. ज्यांना डोळे मिटायचे त्यांनी मिटा, ज्यांना नको त्यांनी खिडकीबाहेर बघा, ज्यांना चालायचंय त्यांनी चाला."

चौथ्या मिनिटाला पुढच्या रांगेतली एक मुलगी झोपली. मान एका बाजूला कलली, तोंड किंचित उघडं, कुरळे केस गालावर. शेजारच्या मुलानं तिला हलवायला हात पुढं केला. मी मानेनं नको म्हटलं.

दहा मिनिटं झाली. वीस झाली. मी बाकीच्यांना खुणेनं जायला सांगितलं. ती सगळी बूट हातात घेऊन, एकही खुर्ची न वाजवता बाहेर गेली. नेहा आणि मी बसून राहिलो.

मुलगी दचकून जागी झाली. रिकाम्या खुर्च्या बघून तिचा चेहरा उतरला.

"सॉरी मॅम, सॉरी! मेरी शिफ्ट... दो बजे से कॉल्स थे मेरे." तिनं फोन चाचपला.

"जेवलीस का?" मी सवयीनं मराठीतच विचारलं.

ती मराठी निघाली. वर्ध्याची. "सकाळी बिस्किटं खाल्ली होती," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी तरारलं.

मी नेहाकडं बघितलं. हिला काय सांगायचं, श्वासाकडं लक्ष दे? नेहा उठली. मुलीच्या गळ्यातून तिनं हळूच हेडफोन काढून घेतला.

"कॅन्टीन में जाओ. मॅम के साथ. आराम से खाना," ती म्हणाली. "आज के तुम्हारे कॉल्स मैं ले रही हूँ."

"पर मॅम, आप..."

"जाओ."

आम्ही दोघी लिफ्टकडं निघालो. वळून बघितलं तर काचेपलीकडं नेहा त्या मुलीच्या खुर्चीत बसली होती. तिनं हेडफोन लावला, केस कानामागं सारले, आणि वाजणारा फोन घेतला.